सगुणाबाईचा भाजीचा मळा

सगुणाबाई माळीण गिऱ्हाइकाला भाजीला हात लावू देत नसे. अमडापूरच्या बाजारात मी पहिल्यांदा गेले आणि वांगी निवडायला बसले, तर तिने माझं मनगटच धरलं. "दाबून काऊन पायता, बाई? मी देते ते घ्या." मी लग्न होऊन नुकतीच कोकणातून आले होते, यजमान मध्यप्रांत-वऱ्हाडच्या शाळाखात्यात मास्तर. तिची बोली मला निम्मीच कळली, पण घरी एकही वांगं किडकं निघालं नाही.

तिचा मळा गावाबाहेर ओढ्याकाठी होता. नवरा मोट हाकी, आणि दव वाळायच्या आत तोडलेली भाजी ती डोक्यावरून बाजारात आणी. उरलेली भाजी दुसऱ्या दिवशी विकत नसे, गाईपुढे टाकी. "शिळं खाऊ घालून लोकाईच्या पोटाले काऊन तरास द्यावा?" असं तिचं म्हणणं.

तिला मूलबाळ नव्हतं. माझी यमू झाली तेव्हा शेपूची जुडी घेऊन ती आपण होऊन घरी आली. यमू पुढे बाजारात थेट तिच्या मांडीवर जाऊन बसे आणि कोवळी काकडी खाई. "हे माह्यं खरं गिऱ्हाईक," सगुणाबाई शेजारणींना सांगे.

यमू दोन वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात गावात पटकीची, कॉलऱ्याची साथ आली. एका घरातली तीन माणसं दोन दिवसांत गेली. त्यांनी आदल्या दिवशी सगुणाबाईच्या काकड्या खाल्ल्या होत्या, असं कुणीतरी बोललं. ती माणसं लग्नालाही जाऊन आली होती, तिथलं पाणी प्यायली होती. पण लोकांच्या लक्षात राहिली ती काकडी.

साथ ओसरली, बाजार पुन्हा भरू लागला. सगुणाबाई आपल्या जागेवर भरली पाटी घेऊन बसली होती. समोर कुणी नव्हतं. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणून ती स्वतःच एक काकडी खात होती. तिच्याकडूनच भाजी घ्यायची, असं ठरवून मी घरून निघाले होते. चार पावलांवर आले आणि माझे पाय थांबले. कडेवरची यमू तिच्याकडे झेप घेत होती.

"नका घेऊ, मास्तरीणबाई," ती हळूच म्हणाली. "तुमच्यापाशी लेकरू हाय."

मी मान खाली घालून शेजारच्या बाईपुढे बसले. भेंडी निवडू लागले, तेव्हा सगुणाबाईचाच आवाज आला, "ते जून हाय. त्या बाजूची घ्या." आणखी तीन-चार बाजार ती आली. मग तिची जागा रिकामी दिसू लागली.

ती वारल्याचं पुढे आम्हाला खामगावात कळलं. पण मला छळते ती आमची खामगावला बदली झाली तेव्हाची एक दुपार. निघण्यापूर्वी तिला भेटावं म्हणून यमूला घेऊन मी मळ्यात गेले. तिथे वांगी नव्हती, वेल नव्हते. सगळीकडे कपाशी, आणि सगुणाबाई एकटीच निंदत होती.

"भाजी कुठं गेली?" मी विचारलं.

"उपटली म्या. कपाशी कोनी खात नाही, बाई. तिच्यावर आळ येत नाही."

"माझं चुकलं, सगुणाबाई."

"तुमचं काय चुकलं? मले लेकरू असतं त मीबी तेच केलं असतं."

यमूला तहान लागली होती. सगुणाबाई लगबगीने उठली, विहिरीतून पाणी काढलं आणि तांब्या घासून, भरून माझ्या हाती दिला. तो फक्त यमूच्या ओठाला लावायचा होता. माझा हात थांबला. क्षणभरच, पण थांबला.

तिने ते पाहिलं. तांब्या माझ्या हातून काढून घेतला आणि पाणी कपाशीच्या बुडाशी ओतलं.

"घरी जाऊन पाजा," ती म्हणाली. "ऊन लय हाय, लवकर जा."

घर कोसभर लांब होतं. यमू वाटभर पाणी मागत रडत होती, आणि मागे वळून बघायचा मला धीर झाला नाही.