पिठ्या ढेकूण, तांबड्या मुंग्या आणि आक्का

मुंगी दिसली की आक्काचं पाऊल हवेतच थांबायचं. माणूस दिसला की मात्र तिच्या तोंडाला दयामाया नसायची. ही माझी थोरली आत्या. अख्खं कोगनोळी तिला आक्का म्हणायचं. घर जैनाचं, त्यामुळं तिच्या पेरूच्या बागेत औषध फवारायला बंदी. "डाग पडला तर तेवढं कापून खावा. जीव घेऊन फळ गोड लागतंय व्हय?"

एका वर्षी बागेवर पिठ्या ढेकूण पडला. फांद्यांना कापूस चिकटल्यागत झालं. व्यापारी बांधावरूनच परत गेला. आक्का बोलायची बंद झाली, तेव्हा सगळे घाबरले. मी बेळगावात प्राणिशास्त्र शिकवतो. टिळकवाडीतल्या माझ्या फ्लॅटमध्ये तुळससुद्धा जगत नाही, तरी उपाय सांगायला मीच पुढं.

"आक्का, हा ढेकूण एका जागी बसून नुसता रस पितो. हलत नाही, लढत नाही. आणि खानापूरकडं पानं जोडून घर करणारी तांबडी मुंगी असते. ती फौजेनं धाड घालते, किड्यांचा फडशा पाडते. ती आणू."

"म्हंजे ढेकूण तू, मुंगी मी," आक्का म्हणाली. मग विचारात पडली. "मारणार मुंगी, आणणार तू. पाप कुणाचं रं?"

"मुंगीचं," मी ठामपणे सांगितलं.

घरटी पोत्यात भरून गाडीतून आणली. संकेश्वरजवळ पोतं सुटलं आणि पहिली धाड माझ्यावरच पडली. हायवेच्या कडेला मी जो नाच केला, तो बघायला दोन ट्रक थांबले.

आठवड्यानं आक्काचा फोन. "अरं, तुझी फौज ढेकणांची राखण करतीया!"

खरंच होतं. ढेकणाच्या अंगातून गोड, चिकट पाणी सुटतं. मुंग्या ते पीत होत्या आणि ढेकणाजवळ कुणाला फिरकू देत नव्हत्या. हे मी दरवर्षी वर्गात शिकवतो; बागेत मात्र आठवलं नव्हतं. पीक गेलंच. पण आक्का डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. पुढं पाव्हण्यांना ती माझी ओळख करून द्यायची, "आमच्या ढेकणांना वॉचमन लावून दिल्यात ह्यांनी."

गेल्या साली आक्का गेली. नंतर आतेभाऊ मला बागेत घेऊन गेला. फांद्यांवर पांढरे ठिपके होते.

"आता आई न्हाय. एखादं जालीम औषध सांग, मारून मोकळा होतो."

औषधांची नावं मला तोंडपाठ आहेत.

"आठवत नाही रे," म्हणालो.

त्यानं लगेच विश्वास ठेवला.