कमलताईंच्या दोन याद्या

कमलताई गेल्याचं मला त्यांच्या धाकट्या भावाने खारबावहून फोन करून सांगितलं. "ताई न्हाय राहिली गं. तुझं नाव घ्यायची, म्हणून कळवलं." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. त्याला आता सहा आठवडे झाले. वाईट वाटतंच, पण त्यांची आठवण आली की बहुतेक वेळा हसूच येतं.

ताई आमच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायच्या. त्यांच्या संशोधनाचे विषय दोन होते, निदान लोकांना तसं वाटे: भिवंडीतल्या लूम म्हणजे यंत्रमाग कामगारांच्या वस्त्यांमधला क्षयरोग आणि सॉफ्टवेअरमध्ये किती चुका दडलेल्या असतील याचा अंदाज. "मॅडम, नक्की डॉक्टर होणार की इंजिनिअर?" असं कुणी चिडवलं की म्हणायच्या, "मी यादीवाली." त्यांची पद्धत अशी: एकच प्रोग्रॅम दोघांनी वेगवेगळा तपासायचा, एकमेकांच्या वहीत न डोकावता. दोघांना बहुतेक त्याच चुका सापडल्या, तर आणखी फारशा उरलेल्या नाहीत. प्रत्येकाला निराळ्याच सापडल्या, तर अजून पुष्कळ दडलेल्या आहेत. हेच गणित त्या क्षयरोगालाही लावत. एक यादी दवाखान्याची, दुसरी आम्ही विद्यार्थ्यांनी दारोदार फिरून केलेली. दोन्हींत किती नावं सारखी निघतात, त्यावरून कुणाच्याच नजरेला न पडलेले रुग्ण किती असतील, ते त्यांचा प्रोग्रॅम सांगे.

माझ्या वाट्याला लूमच्या कारखान्यामागची एक गल्ली आली होती. आता लिहिते ते मी ताई सोडून आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्या गल्लीत मी एकही दार वाजवलं नाही. लूमचा खडखडाट, ओट्यावर बसलेले पुरुष, माझं शाळेतलं पुस्तकी हिंदी... हातात फॉर्म घेऊन मी टोकापर्यंत गेले आणि तशीच परत आले. दवाखान्याची यादी आणायला ताईंनी मलाच पाठवलं होतं. त्यातली गल्लीची नावं मी क्रम बदलून फॉर्मवर उतरवली.

दोन दिवसांनी ताईंनी मला कॉम्प्युटरसमोर बोलावलं. चेहऱ्यावर नुसता आनंद. "बघ, तुझ्या गल्लीत कुणी सुटलेलं नाही! सगळे औषधावर आहेत. पुढच्या फेरीतून ही गल्ली काढून टाकू." मला मात्र त्या गल्लीतून परतताना एका खिडकीतून आलेला खोकला आठवत होता. न थांबणारा, बाईचा. गल्ली काढली तर त्या खिडकीपाशी कुणीच जाणार नव्हतं. मी सांगून टाकलं. ताईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. रागावल्या होत्या, ते दिसत होतं. "प्रोग्रॅमला काय गं, जे भरवशील ते खाऊन ढेकर देतो," एवढंच म्हणाल्या. मग उठल्या. "चल. चपला घाल."

गल्लीच्या तोंडाशी त्या थांबल्या. "मी इथेच आहे. बोलायचं तू." त्या खिडकीच्या घरात एक बाई यंत्रावर मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसल्या होत्या. यंत्र सुरूच. मी काहीतरी पुटपुटले. "क्या बोली? जोर से बोल ना, बेटी!" मी पुन्हा पुटपुटले. त्यांनी यंत्र बंद केलं आणि हसत म्हणाल्या, "इतना धीरे बोलेगी तो ससुराल में भूखी रह जाएगी. बैठ." मी बसले. खोकला तीन महिन्यांचा होता. "धागे की धूल है, और क्या," असं त्या म्हणत होत्या. त्यांचं नाव दवाखान्याच्या यादीत नव्हतं. मी बराच वेळ बोलले, चहा प्यायले, मग गल्लीतली बाकीची दारंही वाजवली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना थुंकी तपासायला घेऊन गेले. आजार निघाला, औषध सुरू झालं, आणि त्या बऱ्या झाल्या. बाहेर उभ्या राहून ताईंचे पाय मात्र दुखले. "एवढं बोलतेस होय तू?" परतताना एवढंच.

पुढे संशोधनाचा अहवाल छापून आला. ताईंनी मला एक प्रत दिली. त्या आधीच म्हणाल्या होत्या, "चूक झाली की ती लिहावी लागते. नाहीतर पुढचा माणूस फसतो." म्हणून मी ती प्रत कधी उघडलीच नाही. नोकरी लागली, घर बदललं, प्रत कपाटात तशीच राहिली. आपलं नाव कुठल्या वाक्यात असेल, हे मी मनाशी पक्कं ठरवून टाकलं होतं.

गेल्या रविवारी उघडली. शेवटी चुकांचं एक वेगळं पान आहे. त्या गल्लीचा उल्लेख आहेच. इंग्रजीतली ती वाक्यं मराठीत सांगायची तर अशी: 'या गल्लीची पहिली नोंद रद्द केली आहे. माहिती गोळा करणाऱ्या व्यक्तीला पुरेशी तयारी करून न देता एकटं पाठवलं, ही संशोधकाची चूक.' माझं नाव त्यात नाही. ते खालच्या ओळीत आहे, आडनावासकट: दुसरी नोंद कुणी केली, त्यापुढे.