चिंधी बांधलेला पाय

मी पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकल शिकवतो. हे आधीच सांगतो, कारण खालचं दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर मी दोन ओळी वाचून "काहीही!" म्हणत पुढे सरकलो असतो. या ग्रुपवरच्या कित्येक अनुभवांखाली माझ्या खवचट कमेंट्स सापडतील. ज्यांची खिल्ली उडवली, त्यांनी आज खुशाल परतफेड करावी... मी काही बोलणार नाही.

आम्ही अमरावतीला राहतो, वलगाव रोडच्या बाजूला. घर साधंच, पण मागे परसात जागा आहे. एक कढीपत्त्याचं झाड, कपडे वाळत घालायची दोरी, बाकी सगळी काळी माती. मुलगी ओवी, सात वर्षांची. कुठल्याशा मॉलमध्ये ती पाच मिनिटं ट्रॅम्पोलिनवर उडाली आणि तेव्हापासून आमच्या दिवाणाचे हाल सुरू झाले. वाढदिवसाला तिला तेच हवं होतं. मी ऑनलाइन जाहिरातीत अकोल्याचं एक जुनं शोधून काढलं.

"लेकरायनं उड्या मारायची वस्तू, अन् तुमी जुनी कायले घेता?" वंदना म्हणाली. वंदना म्हणजे माझी बायको.

"लोखंडातलं मला कळतं," मी म्हणालो. हे वाक्य मला आता ऐकवत नाही.

अकोल्याला विकणारे रशीदचाचा, पासष्टीच्या आसपासचे. गाद्यांचं दुकान मुलांच्या हवाली करून घरीच असतात. अंगणात आठ फुटी ट्रॅम्पोलिन उभं होतं. चार पाय, त्यावर पाइपची गोल रिंग आणि मधल्या काळ्या जाळीला रिंगशी ताणून धरणाऱ्या स्प्रिंगा. त्यातल्या तीन नव्हत्या. तिन्ही शेजारशेजारच्या, एकाच पायाच्या वरच्या. त्याच पायाला, रिंगच्या जोडावर, निळी चिंधी गच्च बांधलेली.

"चाचा, ह्या तीन कुठं गेल्या?"

"गुम गई. बाजार में मिल जाती," ते दुसरीकडे बघत म्हणाले. "नातू मोठे झाले, आता कोण कुदते?"

चिंधीची गाठ सुटेना, म्हणून मी ती ब्लेडने कापली. खाली गंजाचा डाग होता. घरी आणल्यावर त्यावर चंदेरी रंगाचा हात मारला आणि त्याच चिंधीनं ओघळ पुसले. आपल्याकडे लोखंडाची तब्येत अशीच सुधारतात... आणि मी तर शिकवणारा!

शनिवारी सकाळी जोडणी. स्प्रिंगा ओळीनं लावत जायच्या नसतात, एक इकडे तर दुसरी बरोबर समोर, नाहीतर शेवटच्या बसत नाहीत. हे सगळं मी वंदनाला फळ्यासमोर उभं असल्यासारखं समजावलं. उरलेल्या तीन जागी जाड तार दुहेरी घेतली आणि पकडीनं चार-चार पीळ दिले. तात्पुरतं चालून जाईल म्हटलं. मग आत जाऊन जेवलो.

बाहेर येऊन बघतो तर तारा सुटलेल्या. तुटलेल्या नाहीत हं! पीळ उलगडून, सरळ करून, वेटोळं करून त्या पायाशी ठेवलेल्या.

ओवी माझ्या शेजारीच जेवत होती. राहिली वंदना.

"मी तुमच्या डोयासमोर पोया लाटून रायली व्हती!" ती म्हणाली.

"मग तारेला काय हात फुटले? भीती वाटते तर सरळ सांग, असले उद्योग कशाला? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

ती आत निघून गेली. त्या दिवशी परत माझ्याशी बोललीच नाही. मी परत तारा बांधल्या, या वेळी सहा पीळ. चहा घेऊन आलो तर परत तेच. तसंच वेटोळं, त्याच पायाजवळ. परसाचं फाटक आतून बंद होतं. वंदना माझ्यासमोर कप विसळत होती, तेही तोंड फिरवून.

मला बसवेना. घरात जायचो, बाहेर यायचो, उगाच बाकीच्या स्प्रिंगा हलवून बघायचो. त्यातली एकही ढिली नव्हती. शेवटी चिडून बाजारात गेलो आणि तीन नव्या स्प्रिंगा घेऊन आलो.

रविवारी सकाळी त्या बसवल्या. माझं वजन ब्याऐंशी किलो. अक्षरशः लोंबकळून एकेक ओढली, तेव्हा कुठे बसली. दहाच्या सुमारास ओवीच्या वाढदिवसासाठी नांदगाव खंडेश्वरहून वंदनाच्या भावाची तिन्ही पोरं आली. चौघंही चपला काढून माझ्या बाजूला उभी. वंदना पायरीवर. चिंधीचा पाय आमच्या बरोबर समोर, पलीकडे. तिकडे फक्त कंपाउंडची भिंत.

"पप्पा, पहिले मी!" ओवीनं हात वर केले. मी तिला उचलायला वळलो. एवढंच. तिच्या काखेत हात घातले आणि मागून आवाज आला... टण्. मग परत टण्. मग तिसरा.

वळून पाहिलं. तिन्ही स्प्रिंगा त्या पायाशी, मातीत, एका ओळीत. मी ओवीला तशीच अधांतरी धरून उभा होतो. ती पाय झाडत होती, "सोडा ना पप्पा..."

वंदना पायरीवरून उठली. आदल्या दुपारनंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"तिथूनच काहून?"

मी तार बघत होतो, स्प्रिंग बघत होतो. तिथूनच का, हे मला सुचलंच नव्हतं. ओवीला खाली ठेवलं आणि त्या पायाखाली उताणा झालो. माझा चंदेरी रंग जोडावर केसाएवढा उकलला होता. अंगठ्यानं दाबलं तर फट उघडली. रिंगचं वेल्डिंग निम्म्याहून जास्त फाटलेलं. चार पोरं एकदम वर चढली असती तर रिंग खाली बसून तुटका पाइप जाळीतून वर आला असता. मी अजून ते चित्र पुरं करत नाही.

मी पोरांवर ओरडलो. त्यांची काय चूक? सगळी रडायला लागली, ओवी सगळ्यात जास्त. वाढदिवस असा झाला.

दुपारी चाचांना फोन केला. भांडायलाच केला होता, पण तोंडातून वेगळंच निघालं.

"चाचा, त्या तीन स्प्रिंगा कोणी काढल्या होत्या?"

पलीकडे चालू असलेला टीव्ही बंद झाला.

"आमच्या घरवालीनं," मग ते म्हणाले. "पोरं लावत, ही काढे. रोज. काहून म्हणून इचारलं तं तोंडातून शबद निघे नाही तिच्या. लकव्यानं जबान गेली व्हती ना. फकत त्या पायाकडे हात दाखवे. जिंदगीभर गाद्या शिवल्या तिनं, हात फिरवला का कच्चा टाका समजे तिले. पर आमाले वाटलं, दिमाग भी गया. लेकरं रडत... मंग आमी तिले खोलीत बसवून बाहेरून कडी लावाले लागलो. मागच्या साली गेली. ते चिंधी तिनंच बांधली व्हती, तिच्याच ओढनीची. मुझसे निकाली नहीं गई."

मी त्यांना वेल्डिंगचं सांगितलं. सांगायला नको होतं का, अजून कळत नाही.

"मतलब..." चाचा म्हणाले, "वो सही थी?"

"हो, चाचा."

त्यांनी फोन ठेवला नाही. मी कितीतरी वेळ तो कानाशी धरून उभा होतो.

आता शिकवणाऱ्या माणसासारखं बोलायचं तर जोड फाटल्यानं रिंग थोडी दबली आणि नव्या स्प्रिंगा निसटल्या, असं म्हणता येईल. मी स्वतःला ते जवळपास पटवलंही होतं. पण आधी चार, मग सहा पीळ दिलेली तार दोन्ही वेळा उलगडून, सरळ करून, वेटोळं करून ठेवली गेली, ती कशी? आणि तीन स्प्रिंगा एका ओळीत? कोणाकडे उत्तर असेल तर लिहा, पण खवचटपणा नको.

त्या पायावरचा जोड नव्यानं वेल्ड करून घेतला. तेव्हापासून एकही स्प्रिंग सुटलेली नाही, तरी ओवी चढण्याआधी मी दर वेळी खाली आडवा होऊन चारही जोड बघतो. चिंधी रंगाच्या डब्याजवळच पडली होती. धुतली, चंदेरी डाग काही गेले नाहीत. त्याच पायाला परत बांधायला घेतली, तेव्हा वंदना जवळ येऊन उभी राहिली. तिला शनिवारी मी जे बोललो, तेच तिकडे त्या मुक्या बाईला अख्खं घर म्हणत होतं. "चुकलो," मी म्हणालो. वंदनानं गाठीवर बोट दाबून धरलं. मग मी दुसरी गाठ मारली.