ट्रेलरवरची होडी: वडगाव निंबाळकर ते उजनी

निवृत्त झाल्यावर काय करावं, याचे सल्ले मला भरपूर मिळाले. शेळ्या पाळा, पारायणाला बसा, सकाळी चालायला जा. होडी बांधा, असं कुणीच सांगितलं नाही, म्हणून मी होडी बांधली. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवताना दर वर्षी फळ्यावर होडी काढून 'वस्तू पाण्यावर का तरंगते' हे मुलांना समजावलं. स्वतः मात्र होडीत कधी बसलो नव्हतो. पोहायलाही येत नाही.

आमच्या वडगाव निंबाळकरला पाणी नाही असं नाही. कालवा आहे, शेततळी आहेत. पण ते सगळं पाणी उसाचं. त्यावर माणसानं तरंगत बसायची पद्धत नाही.

होडी 'मी बांधली' हे तसं खोटंच. मोबाईलवर व्हिडिओ बघून आकृत्या काढल्या त्या मी, आणि बांधली ती भास्करतात्यांनी. तात्या आमच्या गावचे सुतार, वय पंचाहत्तरच्या आसपास. लाकडी बैलगाड्या होत्या तोवर त्यांच्या दारात माणसं रांग लावायची. पुढं गाड्या लोखंडी झाल्या आणि तात्यांचा हातही थोडा कापायला लागला. चारेक वर्षं त्यांनी रंधा खाली ठेवला होता. माझी आकृती बघून म्हणाले, "गुरुजी, ही काय गाडी न्हाय. पर बघू."

सव्वा वर्ष लागलं. दहा फुटांची होडी, सांगाडा सागाचा, बाकी पाण्यात टिकणारं प्लायवूड. पुढच्या टोकाला दोन्ही बाजू जिथं एकत्र येतात, तो सांधा तात्यांनी तीनदा उकलला आणि तीनदा बसवला. मला तो पहिल्यांदाच ठीक वाटला होता. शेवटचा वॉर्निशचा हात दिल्यावर तात्या त्या सांध्यावर बोट फिरवून म्हणाले, "हितनं पानी आलं तर माझं नाव सांगू नका."

निघायच्या आदल्या दिवशी तात्या बारामतीला लग्नाला गेले होते. मला वाटलं, ट्रेलरला दोरी बांधायला पुढं एक कडी हवी. ड्रिल घेतलं, पुढच्या बाकाखाली तळातून भोक पाडलं, बोल्ट टाकून आतल्या बाजूनं कडी आवळली. पाचच मिनिटांचं काम. इतक्या छोट्या गोष्टीसाठी तात्यांची वाट काय बघायची?

सकाळी सहाला निघालो. माझी जुनी जीप, मागं ट्रेलर, शेजारी मांडीवर हत्यारांची पेटी घेऊन तात्या. ट्रेलर एका भंगारातल्या मोटारीच्या आसावर बारामतीत वेल्डिंग करून घेतला होता. असा बेत करणाऱ्यांसाठी सूचना: ट्रेलर रस्त्यावर काढायच्या आधी परिवहन कार्यालयात चौकशी करा, म्हणजे किती खिडक्या असतात ते कळेल. जास्तीचं चाक घ्या, मागं लाल फडकं बांधा आणि तीसच्या वर वेग नेऊ नका. गाळपाच्या दिवसांत तो तसाही जात नाही.

होडी पालथी बांधली होती. माळेगावला चहाला थांबलो, तर दूध घालायला आलेल्या एका गृहस्थांनी तिच्याभोवती फेरी मारली. "गव्हाण झ्याक हाय. किती गायी बसत्यात?"

"होडी आहे," मी म्हणालो.

"व्हय व्हय. पर गायी किती?"

बारामती ओलांडून इंदापूर रस्त्याला लागलो. भवानीनगर, लासुर्णे, असा हा रस्ता. डांबर बरं आहे, पण पुढं ऊस, मागं ऊस, आणि मधोमध आम्ही. वाटेत एका कारखान्यापाशी उसाच्या ट्रॅक्टरांची रांग रस्त्यावर आली होती. शिट्टी वाजवणाऱ्या माणसानं हात केला, मी आज्ञाधारकपणे वळलो, आणि होडीसह गाळपाच्या रांगेत उभा राहिलो. पुढं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, मागंही तसाच. पाऊण तास. शेवटी तो शिट्टीवाला आमच्यापर्यंत आला, ट्रेलरकडं बघितलं आणि विचारलं, "ऊस कुठंय?"

"ऊस नाही. होडी आहे."

"मग रांगेत कशाला थांबलाय?"

तात्या एवढे हसले की पेटी मांडीवरून घसरली. निमगाव केतकीला गरम भजी आणि पाव खाल्ला, दोघांचं मिळून शंभराच्या आत भागलं. इंदापूर सोडून आडरस्त्यानं धरणाच्या फुगवट्याकडं वळलो. शेवटचे दोन किलोमीटर कच्चे आहेत. साधी मोटार नेऊ नका.

आणि मग उसाचा शेवटचा फड संपतो आणि एकदम पाणीच पाणी. हिवाळ्यात उजनी भरलेली असते. लांब गुलाबी रेघ दिसली, ते रोहित पक्षी असावेत. लोक त्यासाठी मोठाल्या दुर्बिणी घेऊन येतात. आम्ही तिकडं दुसऱ्यांदा बघितलंसुद्धा नाही.

काठावर कमलताई नावाच्या बाई जाळं निवडत होत्या. त्यांचं घर मासेमारीचं, आणि शेडमध्ये येणाऱ्याजाणाऱ्याला जेवणही करून घालतात. आमची होडी सुलटी झाल्यावर त्यांनी ती टकटक वाजवून बघितली. "देखणी हाय. पाण्याला दावलीय का कदी?"

नव्हती दाखवली. मी जीवरक्षक जाकीट चढवलं. तात्यांनी नुसतं धोतर खोचलं. त्यांना लहानपणी विहिरीत पोहायला शिकवलं होतं. आम्ही बसलो, कमलताईंनी ढकललं आणि होडी तरंगली. मी जन्मभर शिकवलेलं खरं निघालं, याचं मला फार आश्चर्य वाटलं.

काठापासून वीसेक हात गेलो असू. तात्यांनी पायाकडं बघितलं. पुढच्या बाकाखालून पाण्याची बारीक धार येत होती.

मला त्याच क्षणी कळलं. बोल्टभोवती मी काहीच भरलं नव्हतं. तात्यांना कडी बसवल्याचं ठाऊकच नव्हतं; दोरी त्यांच्या येण्याआधीच मी बांधून टाकली होती आणि काठावर सोडलीही मीच. ते पुढच्या सांध्याकडं बघत होते. पाणी घोट्यापर्यंत आलं तेव्हा कमलताई कमरेएवढ्या पाण्यातून चालत आल्या आणि आम्हाला गाईसारखं ओढून काठाला लावलं.

"नवी हाय, फुगंल लाकूड," त्या म्हणाल्या.

"न्हाय," तात्या म्हणाले. "हात गेला माझा."

इथं मी बोलायला हवं होतं. नाही बोललो. आधी वाटलं, दम खाऊ. मग वाटलं, जेवल्यावर शांतपणे सांगू. कमलताईंनी चुलीवर चिलापी माशाचं कालवण केलं होतं, झणझणीत, लसणाचा सढळ हात, आणि तव्यावरची ज्वारीची भाकरी. माणशी दोनशेत पोट भरतं. जरूर खा. मी खाल्लं. तात्यांनी चतकोर भाकरी मोडली, ताट बाजूला सारलं आणि हात धुऊन पाण्याकडं तोंड करून बसले.

मग म्हणाले, "गुरुजी, घरी गेल्यावर ती मोडून टाका. ही पेटी तुमी ठिवा. आमच्या घरी आता कोन वापरनार न्हाय."

आणि खरंच त्यांनी पेटी माझ्याकडं सरकवली. तिची कड सत्तर वर्षांच्या हातांनी गुळगुळीत झालेली. त्यांच्या वडिलांची होती ती. मी हातातली भाकरी खाली ठेवली.

"तात्या, सांधा गळत नाही," मी म्हणालो. "बाकाखाली मी भोक पाडलंय. कडीसाठी. तुम्ही लग्नाला गेला होता तेव्हा."

कमलताईंचा भाकरी थापणारा हात थांबला. "दोन भाकरी खाल्ल्यावर आठवलं व्हय, गुरुजी?"

तात्या वळले नाहीत. "केवढं?"

"तीन सुतांचं. करंगळी जाईल एवढं."

"तुमाला कवा कळलं?"

"पाणी दिसलं तेव्हाच."

ते उठले. मला वाटलं, आता ऐकवतील. शिव्या मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पेटी उचलली, होडीपाशी गेले, बाकाखाली हात घालून चाचपलं, मग पुढच्या सांध्यावरून तळवा फिरवला. सांधा कोरडा होता. तळवा त्यांनी तसाच थोडा वेळ तिथं ठेवला.

मग कामाला लागले. बोल्ट काढला. काठावरच्या बाभळीची वाळकी फांदी पटाशीनं तासून खुंटी केली. कमलताईंनी डांबर तापवून दिलं. तात्यांचा हात कापत होता, पण खुंटीवर हातोडी पडताना कापला नाही. मला एकच काम दिलं: "लांब उभं ऱ्हावा."

दुपारी तीनला होडी पुन्हा पाण्यात. या वेळी तात्या आणि वल्ह्यावर कमलताई. मी जाकीट घालून काठावर उभा, जमिनीवर अगदी सुरक्षित. लांबवर जाऊन ते परत आले. आत पाण्याचा थेंब नव्हता. कमलताई उतरल्या. तात्या म्हणाले, "बसा आता." वल्ही त्यांनी घेतली. दोघांनाही वल्हवता येत नसल्यामुळं आम्ही एकाच जागी गोल गोल फिरत राहिलो आणि तात्या प्रत्येक फेरीला "हां, वळली, वळली" म्हणत राहिले. त्या अर्ध्या तासात त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाले, "पुन्यांदा भोक पाडायचं असंल तर इचारा."

अंधार पडल्यावर घरी पोचलो. होडी आता पत्र्याखाली पालथी आहे आणि वॉर्निशवर तळाशी डांबराचा एक काळा गोल आहे. पाहुण्यांना पहिल्यांदा तोच दिसतो. सौ. विचारते, तो का नाही खरवडून काढत. राहू दे म्हणतो.

दुसऱ्या दिवशी चावडीवर सगळ्यांनी तात्यांना घेरलं. मीही मुद्दाम जरा मागं जाऊन उभा राहिलो, शिक्षा ऐकायला. "तरंगली का?" कुणीतरी विचारलं. "तरंगली," तात्या म्हणाले. "पानी लई गार हुतं." बस्स. भोकाचं नाव नाही, गुरुजींचं नाव नाही. आजपर्यंत नाही.

म्हणून ते मीच इथं लिहून ठेवलं. तात्या ब्लॉग वाचत नाहीत. पण गाव वाचतं, आणि त्यांच्या सूनबाईंना मी विनंती केली आहे की, हे त्यांना ओट्यावर, चार माणसं असताना, मोठ्यानं वाचून दाखवावं.