केशरबाईंचं खुराडं

केशरबाई दमल्या होत्या. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की बाई किती कामाच्या, किती हौशी, या वयात काय तो उत्साह! असं बोलणारे लोक गॅलरीतून बोलतात. सकाळी साडेपाचला उठून खुराड्यातली घाण खरवडायला त्यांच्यातलं कोणी खाली उतरत नाही.

ठाण्यात बाळकुमला आवडाबाईंच्या चाळीत शेवटची खोली केशरबाईंची. मागच्या दाराबाहेर कंपाउंडच्या भिंतीपर्यंत पंधरा-वीस पावलांची मोकळी जागा, आणि भिंतीपलीकडे टॉवर. टॉवर झाल्यापासून ऊन येतं अकराला आणि जातं दोनला. तेवढ्या तीन तासांत मासळीवाल्यांचे थर्माकोलचे खोके आणि रंगाचे रिकामे डबे मातीसकट उचलून उन्हामागे सरकवायचे. शेपू, मेथी, मिरच्या, वांगी. दुधी मात्र शहाणा, दोरीवरून आपला आपण पत्र्यावर चढून बसलेला. नळामागे अळू, आणि कोपऱ्यात जुन्या खिडकीच्या जाळीचं खुराडं. त्यात अकरा कोंबड्या, एक कोंबडा. एकीलाही नाव नाही. नाव ठेवलं की सुरी चालत नाही, असं केशरबाईंचं म्हणणं.

हा सगळा संसार मांडला तो लॉकडाऊननंतर. सीताराम, म्हणजे त्यांचे यजमान, कोलशेतच्या एका कंपनीत होते. ती बंद पडली. घरात तांदूळ होता तोवर केशरबाईंनी ब्र काढला नाही. मग एक दिवस नाक्यावर धान्याच्या पिशव्या वाटतायत असं कळलं आणि त्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. पिशवी हातात आली, तेवढ्यात एकजण म्हणाला, "मावशी, मास्क जरा खाली घ्या. इकडे बघा. हसा ना!" आणि केशरबाई हसल्या. तो फोटो फिरत फिरत डोंबिवलीला त्यांच्या लेकीच्या, दीप्तीच्या, सासरच्या ग्रुपवर गेला. दीप्ती फोनवर नुसती रडली. केशरबाईंना रडू आलं नाही, राग आला. स्वतःचाच आला. हसलो कशाला आपण? तोंड वळवून उभं राहायला काय झालं होतं?

त्यानंतर बाईंनी एकच मंत्र धरला. आपला हात जगन्नाथ. कोणापुढे हात पसरायचा नाही, कोणाला 'जरा एवढं करता का' म्हणायचं नाही. पहिल्या तीन कोंबड्या गावाहून आल्या, पहिली मेथी डब्यात उगवली, आणि बघता बघता पाच वर्षांत भाजीवाला आणि अंडीवाला या घरचा रस्ता विसरले. बुद्धविहारातल्या बायका कौतुक करायच्या. टॉवरमधली एक बाई तर भिंतीवरून वाकून व्हिडिओ काढून गेली, म्हणाली, "आँटी, यू आर सो लकी, एव्हरीथिंग फ्रेश!" केशरबाई तेव्हा ओणव्या होऊन खत कालवत होत्या. लकी! कंबर सरळ होईपर्यंत ती बाई निघूनही गेली होती.

खरं सांगायचं तर दुसऱ्या वर्षीच जीव मेटाकुटीला आला होता. पण सांगायचं कोणाला? सीताराम वॉचमनच्या ड्युटीवर, सकाळी आठ ते रात्री आठ. घरी येतात ते गुडघे धरून. पाणी आणायचं केशरबाईंनी, कणी-बाजरी टाकायची केशरबाईंनी, कोंबड्यांत मानमोडीची साथ आली की औषधाला धावायचं त्यांनीच. एकदा विहारातल्या एका लग्नाला म्हणून नवरा-बायको दिवसभर गेले आणि मुंगसाने आठ पिल्लं नेली. त्या दिवसापासून केशरबाई एक रात्र घराबाहेर झोपल्या नाहीत. नयनच्या, म्हणजे दीप्तीच्या पहिल्या मुलीच्या बारशाला गेल्या त्या पाळणा हलवून, पानावर न बसताच परत. "अंधार पडायच्या आत खुराडं लावायला हवं गं," एवढंच म्हणाल्या. कोंबड्या पाळल्या की कोंबड्यांनी बाई पाळली, देव जाणे.

आणि शेजारी आवडाबाई होत्या की! घरमालकीण, पण माणूस मायाळू. बाळकुमच्या मूळच्या, आगरी, सत्तरीच्या. लहानपणापासून कोंबड्यांत वाढलेल्या. दारात बसून सगळं बघायच्या. पण केशरबाईंनी कधी त्यांना म्हटलं नाही की आवडाबाय, आज जरा बघता का. वर एक नियमही करून ठेवला होता, आजीकडून आलेला: ज्या हाताने कोंबडी अंड्यांवर बसवली, त्याच हाताने पिल्लं काढायची. दुसऱ्याचा हात लागला की अंडी वाया जातात. नियम खरा की खोटा, कोणी तपासलाय? पण न मागण्याला बरा उपयोगी पडला.

यंदा दीप्तीला दुसऱ्यांदा दिवस गेले. सासू गावी, मांडीचं हाड मोडून अंथरुणावर. नवरा सुमित चाकणला नोकरीला, शनिवारी येणार, सोमवारी जाणार. बाळंतपणाला बाळकुमला ये म्हणायची सोय नव्हती, नयनची शाळा होती. दीप्तीने दोन महिने आधीच विचारून ठेवलं.

"आई, मार्चच्या पहिल्या तारखेपासून येशील? पंधराच दिवस. नयनला धरायला तरी कोणी पाहिजे गं."

"येते की! आईला काय विचारायचं?"

"नक्की ना?"

"अगं, नक्की म्हणजे नक्की."

दुसऱ्यांदा विचारलं ते का विचारलं, हे केशरबाईंना कळलं. पण त्यांनी ते पोटात घातलं.

आता ऐका, माशी कुठे शिंकली ती. फेब्रुवारीच्या सुरुवातीला एक तांबडी कोंबडी खुडूक झाली. खुडूक म्हणजे अंडी द्यायची बंद, नुसती फुगून बसणार, हात लावला की टोचणार. तिला अंडी उबवायचीच असतात. केशरबाईंनी बोटांवर हिशेब घातला. एकवीस दिवस. आज बसवली तर अठ्ठावीसच्या आत पिल्लं बाहेर, आणि एक तारखेला मी डोंबिवलीत. बाळंतिणीला बाकीच्या कोंबड्यांची अंडी नेता येतील, पुढच्या वर्षाचा तांडाही उभा राहील. टोपलीत राख घातली, वर पेंढा, आणि तेरा अंडी मांडून तांबडीला बसवली, दीप्तीला फोनवर तसं सांगूनही टाकलं. कोंबडीचा हिशेब चोख घातला हो बाईंनी. पोटातल्या बाळाने कोणाला तारीख लिहून दिली होती?

विसाव्या दिवशी सकाळी साडेसातला फोन वाजला.

"आई, पाणी गेलंय. मी हॉस्पिटलला निघतेय."

केशरबाई टोपलीशी उकिडव्या बसल्या होत्या. तांबडीच्या पोटाखालून चिवचिव ऐकू येत होती. एका अंड्याला बारीक चीर गेली होती.

"सुमित?"

"निघालाय तो चाकणहून. वेळ लागेल. तू येतेस ना?"

आता या घटकेला कोणीही म्हणेल, बाई, उठा, पायात चपला घाला. केशरबाईंनाही तसंच वाटलं. त्या उठल्यासुद्धा. साडीचा पदर खोचला, पिशवी काढली. पण समोर टोपली. पिल्लं फुटायच्या दिवशी कोंबडीला एकटं सोडलं तर घूस येते, मुंगूस येतं, अर्धवट फुटलेल्या अंड्याला मुंग्या लागतात. सीताराम आठपर्यंत येणार नाहीत. आणि दाराबाहेर, दहा पावलांवर, आवडाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"तू हो पुढे, बाळ," केशरबाई म्हणाल्या. "मी दुपारपर्यंत आलेच."

मग दीप्ती म्हणाली, "बरं."

दुपारपर्यंत सहा निघाली. केशरबाई टोपलीपाशी बसल्या, उठल्या, परत बसल्या. त्यांना तहान लागली होती, पण पाणी प्यायला आत जाववेना. आणखी एक. अजून एकाला चीर. हे एवढं झालं की निघते. दोन वाजता सुमितचा फोन आला: "आई, मुलगा झाला. नॉर्मल. घाटात ट्रक उलटलाय, मी अजून तिथेच अडकलोय. तुम्ही आहात ना तिच्याजवळ?"

"निघतेच आहे," केशरबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. लाज वाटली. अशी वाटली की त्या रांगेतही वाटली नव्हती.

साडेतीनला दहा पिल्लं झाली. उरलेली तीन अंडी थंड होती. केशरबाईंनी तांबडी आणि पिल्लं डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या उपड्या टोपलीखाली, झाकली, वर दगड ठेवला, खुराड्याला कडी घातली. पिशवीत शेपूची जुडी आणि वीस अंडी, आणि बाळकुम नाक्यावरून कल्याणची बस. भिवंडीच्या रस्त्यावर गाड्या हलेनात. बसमध्ये त्यांचे डोळे मिटायचे आणि चिवचिव ऐकू आल्यासारखी होऊन उघडायचे. कल्याणहून रिक्षा करून डोंबिवलीच्या त्या छोट्या प्रसूतिगृहात पोचायला सात वाजले.

दाराशी बाकावर नयन बसली होती. चार वर्षांची पोर, शाळेचा युनिफॉर्म, हातात बिस्किटाचा रिकामा पुडा. शेजारी आयामावशी.

"आज्जी, मी सकाळपासून इथेच बसले," ती म्हणाली. "एकटी. आणि रडले नाही."

"गुणाची पोर हो," आयामावशी म्हणाली. "आई आत, ही बाहेर. तुम्ही कोण हिच्या?"

केशरबाईंनी नयनला उचललं आणि आत गेल्या.

दीप्ती उशीला टेकून बसली होती. चेहरा उतरलेला, केस कपाळाला चिकटलेले. बाळ कुशीत झोपलं होतं. केशरबाईंनी तोंड उघडलं, पण दीप्तीच आधी बोलली.

"किती निघाली?"

"काय?"

"पिल्लं."

"दहा."

"तेरातली दहा. चांगली निघाली."

टोमणा असता तर परवडला असता. पण टोमणा नव्हता. पोरीने खरंच विचारलं होतं. केशरबाई पलंगाच्या कडेला टेकल्या.

"चिडली असशील," त्या म्हणाल्या. "चीड. बोल मला. चार शिव्या दे."

"नाही गं चिडले." दीप्तीने बाळावरचं दुपटं सारखं केलं. "नयनला घेऊन रिक्षाने आले. नर्सने विचारलं, सोबत कोण? म्हटलं कोणी नाही, मीच. सहीसुद्धा मीच केली. सुमित आत्ता कुठे पोचला, औषधं आणायला गेलाय. शेजारच्या काकू येते म्हणत होत्या, मी नको म्हटलं. कोणाला त्रास द्यायचा नाही, कोणाकडे मागायचं नाही. तुझंच बघून शिकले की."

केशरबाईंनी पाच वर्षं घासून-पुसून जे कमावलं, ते पोरीने असं उचललं होतं. चांगलं म्हणून उचललं होतं.

"साडेआठची बस मिळेल तुला," दीप्ती म्हणाली. "बाबांना डालगं काढायला जमणार नाही. निघ तू. मी करीन सगळं."

केशरबाई उठल्या. पण पिशवी नाही उचलली. कनवटीचा फोन काढला आणि लेकीच्या समोरच नंबर लावला.

"आवडाबाय? मी केशर." त्यांनी पदर सारखा केला. "माझं एक काम आहे. माझ्या कोंबड्या बघाल का? डालग्याखाली पिल्लं आहेत. आज नाही नुसतं, महिनाभर. जमणार नसेल तर वाटून टाका सगळ्या, माझं काही म्हणणं नाही."

पलीकडून आवडाबाईंचा मोठा आवाज खोलीभर ऐकू आला. "वाटून कशाला टाकतंस गो? सकालधरना मी तांदूल घेऊन बसलेली, आता सांगंल, मंग सांगंल. पाच वरसा झाली बसलेय. मना वाटला तुला माजा हात नको." आणि मग हळू आवाजात, "पोर कशी हाय?"

"बरी आहे," केशरबाई म्हणाल्या. "मुलगा झाला." आणि त्यांनी फोन बंद केला.

दीप्ती बघत होती. त्या पिशवीच्या फोटोनंतर आईला कोणाकडे काही मागताना तिने पाहिलं नव्हतं.

"आई, किती दिवस आहेस?"

"तू म्हणशील तेवढे."

सकाळपासून एकदाही न रडलेल्या दीप्तीला तेव्हा रडू फुटलं, चांगलं हुंदके देऊन. बाळ दचकून जागं झालं, नयन भेदरून आजीच्या मांडीला बिलगली. केशरबाईंनी बाळाला घेतलं. कंबर ठणकत होती. त्या बाळाला घेऊन तशाच उभ्या राहिल्या.