मामांचे राखीव हुलगे

माझ्या बायकोच्या थोरल्या मामांनी चाखली नाही अशी भाजी माण तालुक्यात उरली असेल, तर ती त्यांना भिऊन लपली असणार! फौजेतून परत आल्यावर माणसं पहारेकऱ्याची नोकरी धरतात. हे गृहस्थ बांधाबांधाने वाकून पाला खुडत फिरू लागले. पाथरी, तांदुळजा, कुर्डू, चिघळ. कुपवाडला आमच्याकडे यायचे ते पिशवी भरूनच, आणि शेजारची शेळी आशेने मान वर करायची. उंबरठ्यावरच पहिला प्रश्न, "काल काय खाल्लं?" चपाती. "परवा?" परवाही चपातीच. "जावईबापू, गव्हाच्या पोत्याशी लगीन लागलंय का तुमचं? आवं, लोकांनी खायचं सोडलं की शेतकरी पेरायचं सोडतोय, आन् मग बी जातंय. एखाद्या साली गहू रुसला, तर पोतं चावणार काय?" आम्ही मुकाट्याने पाथरी चावायचो.

त्यांच्या आईपासून चालत आलेल्या काळ्या हुलग्यांची ओंजळभर पुरचुंडी, राखेत घोळून, त्यांनी आमच्या फडताळात ठेवली होती. सगळं बी एका मुक्कामी ठेवायचं नाही, ही फौजी शिस्त. हे त्यांनी मला बजावलं होतं आणि मी बायकोला सांगायचं विसरलो. माझा गाढवपणा, दुसरं काय! दोन वर्षांपूर्वी मामा येणार कळल्यावर तिने हौसेने तेच हुलगे धुतले, भिजवले, मोड आणून उसळ केली. मामा दोनदा वाढून घेऊन म्हणाले, "लय झ्याक! कुठनं आणलंस गं?"

"तुमचेच की मामा, फडताळातले."

मामांचा हात ताटातच थांबला. "औंदा पाऊस न्हाई पोरी. रानातलं समदं करपलं. त्येच न्यायला आलोय." बायको रडायलाच लागली. धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं. मामांनी मात्र ताट स्वच्छ केलं, हात धुतला आणि शांतपणे विचारलं, "न भिजलेलं टणक दाणं निघालं असतील, त्ये कुठं टाकलंस?"

"कढीपत्त्याच्या कुंडीत."

मांडी घालून त्यांनी कुंडी बोटांनी उकरली. सात दाणे निघाले. ते रुमालात बांधून मामा दुपारच्या एस.टी.ने गेले.

परवा ते आले, दोन पुरचुंड्या घेऊन. एक राखीव, एक खायची. दोन्ही साली जेवढं पिकलं तेवढं पेरत राहिले होते. जिभेला दाणा लावला नव्हता. बायको उसळीला लागली तर हसून म्हणाले, "उसळ तुमी खावा. माझं दात गेलं." मग तिने मूठभर हुलगे भाजून दळले आणि पातळ माडगं केलं. वाटी दोन्ही हातांत धरून मामा सावकाश प्यायले. ती पळी घेऊन पुढे झाली, तशी त्यांनी वाटीवर तळहात ठेवला. "नगं. उरलेलं दाणं ऱ्हाऊ दे पेरायला."

मामांनी ताटातल्या कशाला नको म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि मला फार वाईट वाटलं.