विहिरीला परत द्यायचं पाणी

भिलाईच्या क्वार्टरमध्ये राहायला आलो तेव्हा नळ फिरवला की पाणी येतं याचं मला इतकं अप्रूप वाटलं की पहिले दोन दिवस मी उगाचच हात धूत होते. सासूबाईंनी मात्र नळाकडे एकदा पाहिलं आणि आपला लोटा उचलून बाजूला ठेवला.

आम्ही वऱ्हाडातले जैन. घरात कांदा-लसूण नाही, बटाटा नाही, जमिनीखाली वाढणारं काहीच नाही. दिवस मावळला की जेवण बंद. शेजारणी विचारायच्या, "मग तुम्ही खाता तरी काय?" मी म्हणायची, "शेजाऱ्यांचं डोकं." माझा नवरा प्लांटमधून सुटला की सायकल हाणत सूर्याशी शर्यत लावायचा आणि हरला की उपाशी राहायचा. या सगळ्याला मी सरावले होते. सासूबाईंचं पाण्याचं व्रत मात्र मला जड जायचं.

त्यांना फक्त विहिरीचं पाणी चालायचं. ते दुहेरी कापडातून गाळायचं, मग गाळलेल्याच पाण्याने कापड लोट्यात धुऊन घ्यायचं आणि त्यात अडकलेले बारीक जीव ज्या विहिरीतले, त्याच विहिरीत परत सोडायचे. याला जिवाणी म्हणतात. वरून ओतलं तर जीव आपटून मरतील, म्हणून लोट्याच्या बुडाला कडी असते. दोर तिच्यात अशा युक्तीने अडकवायचा की लोटा पाण्याला टेकल्यावर हलका झटका दिला की तो उलटतो.

"नळातल्या जिवाले मी वापस कुठं नेऊ?" त्या म्हणाल्या.

"पंप हाउसात," माझा नवरा हसत म्हणाला. सासूबाई हसल्या नाहीत आणि दुसऱ्या दिवशी विहीर सापडेपर्यंत पाण्याचा थेंब घेतला नाही.

जवळच्या गावची मोठी विहीर सेक्टरच्या रस्त्याखाली गेली होती. उरली होती ती गावाबाहेरच्या वस्तीची. त्या वस्तीच्या विहिरीला बाकीचं गाव हात लावत नसे. सासूबाईंनी ते ऐकून घेतलं, दोर खांद्यावर टाकला आणि निघाल्या. मी कळशी घेऊन मागे. काठावर वस्तीतली एक बाई होती, वयाने आम्हा दोघींच्या मधली. आम्हाला पाहून ती दहा पावलं मागे सरली आणि तिथूनच सगळं बघत राहिली. भरून सोडलेला लोटा रिकामा वर आलेला पाहून तिने विचारलं, "कीरा मन ला फेर कुआँ म डारथस का, दाई?" किडे परत विहिरीत सोडता का, असं.

"त्याईचं घर इथं हाये ना," सासूबाई म्हणाल्या. ती बाई खूप हसली. तेव्हापासून ती रोज भेटे, सुखदुःख विचारी, पण दहा पावलांवरूनच. अशी तीन वर्षं गेली.

चौथ्या वर्षी सासूबाईंनी पर्युषणात दहा दिवसांचे उपवास धरले. दिवसातून एकदा पाणी, बस. पारणं दुर्गच्या मंदिरात सगळ्यांबरोबर करायचं, पंगतीत बसायचं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. या परक्या मुलखात आमची म्हणावीत अशी दुर्गची ती चार जैन घरंच होती. दहाव्या दिवशी नवऱ्याचे दूरचे काका दुर्गहून बोलवायला आले. उन्हातून आले होते, मी पाणी दिलं. ते दोन लोटे प्यायले.

"गोड पाणी हाये, वहिनी. कुठचं?"

सासूबाईंनी सांगितलं. काकांनी चटका बसल्यासारखा लोटा खाली ठेवला.

"तुमाले काही समजते का? आजपासून ते पाणी बंद करा, तवाच उद्या पारण्याले या. नाही तं पंगतीत तुमच्या बाजूले कोणी बसणार नाही."

दहा दिवसांत सासूबाईंचा आवाज अगदी बारीक झाला होता, पण तेवढा पुरला. "मुंगी मेली तं पाप लागते, हे तुमीच सांगता भाऊजी. अन् माणूस बाजूले सारला तं काहीच लागत नाही? मी नाही येत."

मला इतका अभिमान वाटला की मी पदराआड हसले. जन्मात पहिल्यांदा मला ही बाई आवडली.

काका उठले. दारात थांबून म्हणाले, "कमीत कमी त्याईचा हात तं नाही लागू देत ना तुमच्या दोराले?"

सासूबाईंनी कोपऱ्यातल्या दोराकडे पाहिलं. तीन वर्षांत दोर आमचा, कळशी आमची, हात आमचे. त्या बाईला कोणी जवळ ये म्हटलं नव्हतं, मीही नाही. काका समाधानाने मान हलवून गेले, आणि मला त्यांच्यापेक्षा आमचाच जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई दुर्गला गेल्या नाहीत. माझ्या खांद्याचा आधार घेत विहिरीवर आल्या आणि काठावर टेकल्या. मी दोर घेतला.

"दे इकडं," त्या म्हणाल्या. मग लांब उभ्या असलेल्या त्या बाईला हाक मारली. "तू काढ, बाई. मले आज जोर नाही."

ती जागची हलली नाही. सासूबाईंनी दोर तिच्या दिशेने धरला आणि तसाच धरून ठेवला. शेवटी ती आली. पण दोर घेण्याआधी तिने आपले दोन्ही हात लुगड्याला पुसले. एकदा पुसले, बघितले, पुन्हा पुसले.

विहीर तिची होती. पाणी तिचं होतं. तीन वर्षं तिच्या पाण्यावर आम्ही जगलो होतो आणि हात पुसत होती ती.